वस्तू कोण हलवतं

४ फेब्रुवारी

भीती वाटली की लिहून काढावं, असं आई म्हणायची. ती स्वतः कधी एक ओळ लिहायची नाही, पण सल्ला बरा होता. तर लिहिते. मला आज भीती वाटते आहे आणि ती मी माझ्याच हाताने ओढवून घेतली आहे.

आमच्या ऑफिसात नवं काही बनत नाही. कुणाचा तरी जुना व्हिडिओ गेम येतो, तो आम्ही नव्या यंत्रावर चालेल असा करून देतो. याला पोर्ट म्हणतात. आज चिलखतवाल्याचा पोर्ट संपला. हा चिलखतवाला म्हणजे आमचा अन्नदाता. तो अंगभर लोखंड घालून भुतं मारतो, आणि दर दोन वर्षांनी जास्त चकचकीत लोखंड घालून पुन्हा तीच भुतं मारतो. पोर्टचा पहिला नियम असा की मूळ गेममधल्या चुकासुद्धा तशाच ठेवायच्या. तिसऱ्या टप्प्यात त्याचा पाय भिंतीत रुततो. ही करणाऱ्याची चूक, पण खेळणाऱ्यांना तिची सवय झालेली असते. दुरुस्त केली तर खवळतात. गेली अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका पाहुण्यांच्या सामानासारख्या सांभाळते आहे.

साहेबांनी सगळ्यांना केक दिला आणि घास गिळायच्या आत जाहीर केलं की आता चिलखतवाला, भाग पाच. शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा, असं मी मनात म्हटलं. निदान मला तसं वाटलं. खोलीतली शांतता बघून कळलं की मोठ्याने म्हटलं होतं.

साहेब चिडले नाहीत, हसले. त्याचीच जास्त धास्ती वाटते. म्हणाले, “मग तू ताजी कर. एप्रिलच्या शेवटी पाहुणे येतायत, पैसा घालणारे. तोवर दाखवण्यासारखं काही उभं राहिलं तर तुझा गेम. नाही राहिलं तर भाग पाच, आणि तोही तूच करायचा. कुरकुर न करता.”



९ फेब्रुवारी

काही सुचत नाही. जे काढते ते कुणाचं तरी असतं. तलवार काढली की ती ओळखीची वाटते, जंगल काढलं की त्यातून कुणाचा तरी घोडा धावत येतो. अकरा वर्षं इतरांच्या चुका जपल्यावर माझी स्वतःची एक चूकसुद्धा उरली नसेल तर? हे कुणाला बोलता येत नाही. बाबांना सांगितलं तर ते जेवणार नाहीत, आणि आवाजाचं काम करणारा आमचा कानसेन आहे त्याला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्यालाही कळेल.

संध्याकाळी घरी आले तर बाबा स्वयंपाकघरात अंधारात उभे. माठाखाली ग्लास धरलेला, मान थोडी कलती. पाणी काठाशी आलं तसा नळ बरोबर बंद केला. थेंब सांडला नाही.

“दिवा का नाही लावला?”

“पाणी भरताना ऐकू येतं ना, किती भरलं ते. वीज कशाला जाळायची?”

आई गेल्यावर मी इथे राहायला आले, तेव्हापासून त्यांचा कंजूषपणा वाढतच चालला आहे. पण ग्लास भरतानाचा आवाज कसा चढत जातो ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तिथेच उभी राहून आणखी तीन ग्लास भरले. बाबा म्हणाले, “तहान लागली होती का एवढी?”

१२ फेब्रुवारी

सुचलं. घाबरत घाबरत लिहिते, कारण लिहिलं की साधं वाटतं.

एका घरात अंधार आहे. स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास भरायचा आणि शेवटच्या खोलीत कुणीतरी झोपलं आहे, तिथपर्यंत न सांडता पोचवायचा. बस. तलवार नाही, भुतं नाहीत. धूसर दिसतं, तेही जवळचं. बाकी सगळं कानाने आणि हाताने.

बाबा नोकरीत असताना नकाशे काढायचे. मोठ्या कौतुकाने त्यांच्यापुढे कागद ठेवला, म्हटलं मला घराचा आराखडा काढून द्या. त्यांनी कागद हाताने चाचपला, परत सरकवला. “तू काढ, मी सांगतो.” आणि खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून सांगत गेले. दारातून आत आलं की डाव्या हाताला भिंत, भिंत संपते तिथे कपाट, कपाटाचा कोपरा टोकदार आहे तो सांभाळायचा, मग स्वयंपाकघराचा उंबरा. मी काढत गेले. अर्ध्यावर लक्षात आलं की हे आमचंच घर. असू दे. घर काय, सगळीकडे सारखंच असतं.

आळशीपणा मात्र बघावा. नकाशे काढण्यात हयात गेली आणि पेन्सिल धरायचा कंटाळा.

२२ फेब्रुवारी

रविवार. डोकं चालेना म्हणून हॉलची मांडणी बदलली. भीती वाटली की मी आवरायला घेते, हा माझा जुना रोग आहे. सोफा खिडकीखाली घेतला, बाबांची खुर्ची दाराजवळ, तिपाई मधोमध. हॉल कसा मोकळा झाला.

बाबा आंघोळीहून आले आणि सरळ तिपाईवर आपटले. नडगी सोलवटली. मी म्हटलं, एवढी मोठी तिपाई समोर आहे, बघून चालावं जरा. ते कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. “या घरात वस्तू हलतात. एक वस्तू जागेवर राहत नाही!”

मग लगेच चप्पल शोधायला लागले. चप्पलही मी कपाटात ठेवली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणाने. वस्तू हलतात. माझ्या गेममध्ये नेमकं हेच नव्हतं! खेळणारा घर पाठ करतो, त्याला धीर येतो, आणि मग खुर्ची तिथे नसते. कुणीतरी सरकवलेली असते. मी धावत जाऊन लिहून घेतलं. आयोडीन लावायचं त्यांनी स्वतःच लावलं, निम्मं लादीवर.

५ मार्च

साहेबांना पहिल्यांदा दाखवलं. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, खुर्चीला धडकले, ग्लास सांडला, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या वेळी खुर्ची जागेवर नव्हती तेव्हा ते दचकले. मी पाहिलं, खरंच दचकले.

मग म्हणाले, “छान. राक्षस कुठे आहे?”

“राक्षस नाही, साहेब.”

“मग वस्तू कोण हलवतं?”

मी म्हटलं, अजून ठरायचं आहे. ते म्हणाले, “ठरव. माणसाला भीती दाखवली की कारण द्यावं लागतं, नाहीतर तो पैसे परत मागतो. तुला नाही सुचलं तर माझ्याकडे तयार आहे. चिलखतवाला, अंधार आवृत्ती. शेवटच्या खोलीत तो झोपलेला दाखवू, पाणी प्यायला की उठेल आणि भुतं मारेल.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या घरात नुसता भित्रा आहे, ब्रह्मराक्षसाचा पत्ता नाही. आणि खरी गोष्ट अशी की कोण हलवतं हे मलाही माहीत नाही. चोर म्हणावा तर तो खुर्ची कशाला सरकवेल? भूत म्हटलं की चिलखतवाला आलाच मागोमाग. हे सुचलं नाही तर माझा गेम गेला.

१४ मार्च

बाबा सकाळी फिरून आले ते कोपर खरचटून. फूटपाथ उखडला आहे म्हणाले. मी ऑफिसला जाताना मुद्दाम बघितलं, कुठेही उखडलेला नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, “तुमचे बाबा स्कूटरसमोर आले हो. अगदी शेजारून येत होती, तरी पाऊल टाकलं. स्कूटरवाल्याने काय काय सुनावलं त्यांना.”

घरी येऊन बोलले त्यांना. रस्त्यात कसला विचार करत असता? ते म्हणाले, “तुझ्या गेमचा.” आणि लगेच विचारलं, “ठरलं का, वस्तू कोण हलवतं ते?” मी म्हटलं नाही. “नको ठरवूस इतक्यात,” म्हणाले.

पेपर बंद केला आहे त्यांनी. त्यात काय असतं, म्हणतात.

२६ मार्च

आज ऑफिसात मला श्वास घेता येईना. जिन्यात जाऊन बसले. ‘पाहुणे’ शब्द कुणी उच्चारला की मी जागेवरून उठते. बाकीच्यांनी गपचूप भाग पाचची चित्रं काढायला घेतली आहेत. मी जवळून गेले की पडदा बदलतात. चांगली माणसं आहेत, म्हणून जास्त लागतं.

कानसेन शोधत आला. शेजारी बसला, त्याच्या खिशात नेहमी असतात तसे शेंगदाणे दिले. म्हणाला, “तुझ्या गेमचा आवाज माझ्या आयुष्यातलं चांगलं काम आहे, आणि मी आयुष्यभर लोखंडाचे खणखणाट केलेत. तेव्हा रडायचं असेल तर एप्रिल संपल्यावर रड.”

८ एप्रिल

दिवसभर कानसेनबरोबर आवाज तपासले. चित्र बंद ठेवून, नुसतं ऐकत. अंतरं कळतात का, भिंत जवळ आली की पावलाचा आवाज बदलतो का. त्याला समाधान झालं तोवर निघायची वेळ झाली होती. घाईघाईत गेमच्या प्रती काढल्या आणि बाहेरच्या खेळणाऱ्यांना पाठवल्या. उद्या ते खेळून सांगतील. आमची तपासनीस, जिला सगळे खोडकाढी म्हणतात, तीही एक प्रत घरी घेऊन गेली.

एक मी बाबांसाठी आणली. कधीचे म्हणत होते, मला दाखव की. टीव्हीला जोडून दिली, कंट्रोलरची बटणं बोटाने समजावली. उद्या मी ऑफिसात असताना निवांत खेळा म्हटलं. “फार अंधार आहे हं बाबा, आधीच सांगते.”

९ एप्रिल

बाबांनी गेम पूर्ण केला!

घरी आले तर ते टीव्हीसमोर बसलेले, चेहरा ओढलेला. “पोचवलं पाणी,” म्हणाले. “शेवटच्या खोलीपर्यंत. एक थेंब सांडला नाही.”

“भीती वाटली?”

“वाटली ना. फार.” मग हसल्यासारखं केलं. “अंधार जरा जास्तच केलायस. पण जे दिसतं ते सुंदर आहे.”

किती दिवसांनी मला बरं वाटलं. कुणीतरी माझा गेम शेवटपर्यंत खेळलं आहे.

१० एप्रिल

हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते आज कळलं.

खोडकाढी सकाळी दारातच उभी. “चित्रच येत नाही. पडदा पूर्ण काळा. आवाज तेवढा येतो.” मला वाटलं तिच्या टीव्हीत दोष असेल. तोवर बाहेरच्यांचे निरोप आले, सगळ्यांचे तेच. दोन मिनिटांत वैतागून बंद केला त्यांनी. आवाज तपासायला बंद केलेलं चित्र मी परत चालूच केलं नव्हतं. एकूण एक प्रत आंधळी गेली. साहेबांना कळलंच. ते भाग पाचच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

आणि बाबा खोटं बोलले. काळ्या पडद्यात काय सुंदर दिसलं त्यांना? खेळलेच नसतील, माझं मन राखायला म्हणाले असतील, पोचवलं पाणी. याचा राग जास्त आला. घरी आले तेव्हा खिडकीपाशी बसले होते, बाहेर एकटक बघत. सकाळी फिरायलाही गेले नव्हते. मी ताट वाढलं आणि खोलीत निघून गेले.

१२ एप्रिल

सगळं लिहिते, जसं झालं तसं.

रविवार, दुपार. मनातून जाईना, म्हणून म्हटलं, बाबा, माझ्यासमोर एकदा खेळा. खोटं पकडायचं होतं मला, हे कबूल. तीच बिघडलेली प्रत लावली. पडदा काळाठिक्कर. त्यांनी कंट्रोलर घेतला, मान कलती केली आणि चालायला लागले.

मी टीव्हीकडे बघतच नव्हते, बघायला होतं काय? मी त्यांच्याकडे बघत होते. पावलांच्या आवाजावरून कळत होतं, ते भिंत धरून चालले आहेत. कपाटाच्या कोपऱ्याशी थांबले, वळसा घातला. ग्लास भरला, काठाशी बरोबर थांबवला. खुर्ची सरकण्याचा आवाज आला तसा त्यांचा श्वास अडकला. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा माणूस खरोखर घाबरला होता. आणि या सगळ्यात ते मला सांगत होते, “हे बघ, इथलं दार छान काढलंयस.”

“बाबा, पडद्यावर काही नाहीये.”

“अंधार आहे ना. तूच म्हणालीस.”

“अंधाराचं चित्रसुद्धा नाहीये. माझ्या हातून चित्र लावायचं राहिलं. पडदा नुसता काळा आहे.”

त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. “म्हणजे तुलाही दिसत नाहीये?”

“कुणालाच नाही.”

दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं आणि ते हसायला लागले. आई गेल्यापासून इतके हसलेले मी पाहिले नव्हते. “अगं मग सांगायचं नाही का? तीन दिवस जीव मुठीत धरून बसलोय मी. सारखा खिडकीकडे बघतोय, ती तरी दिसते का म्हणून. मला वाटलं, उरलंसुरलंही गेलं.”

“उरलंसुरलं म्हणजे काय?”

हसणं थांबलं. टीव्हीतून गेममधल्या घराचा आवाज येत होता, नळ गळत होता. तो बंद करावा हेही मला सुचलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. कडेचं आधी गेलं, आईच्या आजारपणात. तेव्हा कुणाकडे बोलायला वेळ नव्हता. नंतर संध्याकाळचं गेलं. अक्षरं गेली. आता समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं, तेही उजेड असला तर. डॉक्टरकडे का गेला नाहीत म्हटलं, तर म्हणाले, “तो त्याला नाव देईल. नाव दिलं की खरं होतं.” आणि मला का नाही सांगितलं? “अकरा वर्षं लोकांची उष्टी काढलीस. पहिल्यांदा स्वतःचं काही करत होतीस. म्हटलं, एप्रिल होऊन जाऊ दे.”

मी रडत होते. त्यांना ते दिसत नसावं, पण ऐकू आलं असणार. माझा हात शोधून थोपटला.

“घरात मला काही अडत नाही गं. आराखडा पाठ आहे. फक्त तू वस्तू हलवतेस ना, तेवढीच भीती वाटते.”

हे वाक्य लिहून मी किती वेळ बसले आहे. महिनाभर मी विचारत फिरते आहे, कोण हलवतं, कोण हलवतं.

१५ एप्रिल

डोळ्यांचा दवाखाना. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकवायला थेंब घालायचे, रोज, जन्मभर. लवकर आला असता तर, एवढंच डॉक्टरीण म्हणाली. बाबांनी नमस्कार करून विचारलं, “किती दिवस टिकेल?” ती म्हणाली, थेंब चुकवले नाहीत तर बरंच. ‘बरंच’ म्हणजे काय हे विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

मला आता पाहुण्यांची भीती वाटेनाशी झाली आहे. तिच्या जागी ही बसली आहे. आगीतून फुफाट्यात.

१९ एप्रिल

बाबांना विचारलं, हे गेममध्ये घालू का. नको म्हणाले असते तर भाग पाच केला असता, मनापासून सांगते. ते म्हणाले, “घाल. पण त्या मुलीला वाईट दाखवू नकोस.”

ऑफिसात कानसेनला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्याने ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. म्हणाला, “मग चित्र परत लावू नकोस. चूक तशीच ठेव. आपला पहिला नियमच आहे तो.”

“लोक दोन मिनिटांत बंद करतात रे.”

“कारण त्यांना वाटलं बिघडलंय. तुझ्या बाबांना वाटलं आपण बिघडलोय, ते शेवटपर्यंत गेले.”

२७ एप्रिल

पाहुणे आले. तिघं होते. मी सांगितलं की पडदा काळा राहील, बिघाड नाही. साहेबांनी डोळे मिटले ते आता कुणी उघडू नये अशा बेताने. पाहुण्यांतल्या बाई खेळायला बसल्या. खुर्चीला धडकल्या, सांडलं, पुन्हा भरलं. हळूहळू त्यांची मान कलती झाली, तशीच, अगदी तशीच, आणि मला बघवेना.

खुर्ची सरकली. बाईंच्या हातातून कंट्रोलर सुटता सुटता राहिला.

“कोण आहे घरात?” त्यांनी विचारलं. साहेब माझ्याकडे बघत होते. चिलखतवाल्याची चित्रं त्यांच्या फायलीत तयार होती, मला माहीत होतं.

“त्याची मुलगी,” मी म्हटलं. “ती घर आवरतेय. त्याला दिसत नाही हे तिला माहीत नाही.”

बाईंनी गेम संपवला. ग्लास शेवटच्या खोलीत ठेवल्याचा आवाज आला आणि बिछान्यातून आवरून दमलेल्या मुलीचा झोपाळलेला आवाज, “बाबा, दिवा का नाही लावला?” बाई उठल्या, म्हणाल्या घरी एक फोन करायचा आहे, आणि बाहेर गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या.

साहेब मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, भाग पाच तूर्त थांबवू. ‘तूर्त’ ते दोनदा म्हणाले. आनंद व्हायला हवा. मला जिन्यात उभ्या उभ्या वाटलं की आता हा खरंच करावा लागणार, आणि मी पायरीवरच बसले.

२८ एप्रिल

आज घरीच. बाबांना थेंब घातले. एक गालावर गेला, ते म्हणाले, “नेम धर.”

मग हॉल पूर्वीसारखा लावायला घेतला. सोफा, तिपाई, चपला दाराच्या उजवीकडे. बाबा आत होते, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, भिंत धरून इकडेच. शेवटी त्यांची खुर्ची राहिली होती. ती उचलली आणि तशीच उभी राहिले. इतकी भीती पाहुण्यांसमोरही वाटली नव्हती. किती वेळा उचलली असेल मी ही, गाणं गुणगुणत.

“बाबा,” मी मोठ्याने म्हटलं, “खुर्ची हलवतेय. खिडकीपाशी, जिथे होती तिथे.”

पावलं थांबली.

“कळलं,” ते आतून म्हणाले. “ठेव.”

मी ठेवली.